हयातीचा दाखला

२०२४ च्या सप्टेंबरात ताईने न्यू जर्सीहून घरच्या ग्रुपवर आठ-दहा फोटो टाकले. तिचा मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षात गेला होता. एका फोटोत तो विटांच्या जुन्या भिंतीला टेकून उभा, एकात पुलाच्या कठड्यावर बसलेला, एकात रस्त्याच्या मधोमध, पाठीमागे उतरतं ऊन. पोरगा सिनेमातल्या हिरोसारखा दिसत होता. खाली ताईने लिहिलं होतं, ‘सीनियर पोर्ट्रेट्स!’

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, “हा सीनियर? सतरा वर्षांचा? मग मी कोण?”

अण्णा म्हणजे माझे आजोबा. तेव्हा वय वर्षं ८४. प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं उलटलेली.

मी त्यांना समजावलं, की अमेरिकेत बारावीच्या मुलाला ‘सीनियर’ म्हणतात. शाळा संपायच्या आधी त्याचे रीतसर फोटो काढायची तिथे प्रथा आहे. पूर्वी ते स्टुडिओत निघायचे आणि शाळेच्या वार्षिक पुस्तकात छापून यायचे. आता बरीच मुलं गावातल्या किंवा शहरातल्या आपल्या आवडीच्या जागी जाऊन, बाहेरच्या उजेडात काढून घेतात. मूल घरून निघायच्या आधी ते कसं दिसत होतं, याची ती आठवण.

“म्हणजे जायच्या आधीचा फोटो,” अण्णा म्हणाले आणि फोन परत दिला.

त्यांनी ते सहज म्हटलं, पण माझी नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर आजीचा फोटो आहे. ती २०२१ मध्ये गेली, तेव्हा फ्रेमसाठी फोटो शोधताना आमची धांदल उडाली होती. सुटा, समोरून, स्पष्ट असा तिचा एकही फोटो मिळेना. शेवटी एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून घेतला. दुकानदाराने मागे निळा रंग भरला. फ्लॅशमुळे तिचे डोळे अर्धे मिटलेले आहेत, आणि उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी शालूचा काठ अजून दिसतो. माझ्या धाकट्या चुलतभावाला आजी फारशी आठवत नाही. त्याच्यासाठी आजी म्हणजे निळ्या आभाळात डोळे मिचकावणारी बाई.

बाकीचं काम २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाण्याने केलं होतं. विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, हे बडोद्यातल्या कुणालाच विसरता येणार नाही. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात अल्बम होते. पाणी ओसरल्यावर ते उघडले, तर पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. अण्णा आणि आजीचा लग्नानंतर रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओत काढलेला फोटो त्यातच गेला. आजी खुर्चीत, अण्णा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. आता त्यातला फक्त खुर्चीचा पाय ओळखू येतो.

त्या रात्री मी ठरवलं, अण्णांचा फोटो काढायचा. आत्ता, ते धडधाकट असताना, त्यांच्या शहरात.

अण्णांना विचारलं, तर ते स्पष्ट म्हणाले, “हारासाठी असेल तर नको.”

आपल्या घरांतल्या कितीतरी ज्येष्ठांची हीच गत आहे. एका वयानंतर त्यांचा फोटो काढला जातो तो आधार कार्डासाठी, बँकेसाठी, पेन्शनसाठी. त्याशिवाय कुणी सुटा फोटो मागितला, की त्यांच्या मनात पाल चुकचुकते. मी म्हटलं, “फोटो नका काढू, फिरायला तर चला.” ते तयार झाले. त्या वेळी ही माझी चलाखी होती, पण पुढे कळलं की योग्य वाटही तीच होती.

पहिला प्रयत्न मात्र पार फसला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, आरामात नाश्ता करून, अकराच्या सुमारास आम्ही कमाटीबागेत गेलो. आपली सयाजीबाग, १८७९ सालची, विश्वामित्रीच्या काठची. मी अण्णांना फुलांच्या घड्याळासमोर उन्हात उभं केलं. भरपूर उजेड आहे, म्हणजे फोटो छान येणार, असा माझा हिशोब. अण्णांच्या डोक्यावर नेहमीची काळी टोपी. फोटो पाहिले, तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, सदरा पांढराफटक. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे उन्हाकडे पाहवत नव्हतं. दहा मिनिटांत घामाघूम झाले. “झालं का गं?” हे त्यांनी चार वेळा विचारलं. त्या दिवशीचे सगळे फोटो मी घरी येऊन पुसून टाकले.

मग मी जरा डोकं लावलं. बडोदं साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरासं खाली. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही जेमतेम ४४ अंश वर चढतो. शिवाय आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे आपली खरी दुपार बारा वाजता होत नाही, साधारण साडेबाराच्या आसपास होते. सूर्य वर असताना भुवयांची आणि टोपीची सावली डोळ्यांत पडणारच. म्हातारपणी डोळे आत गेलेले असतात, तिथे ती आणखी गडद होते. दोष अण्णांच्या चेहऱ्यात नव्हता, मी निवडलेल्या वेळेत होता.

खरा धडा मिळाला नोव्हेंबरात, आणि तोही फोटोग्राफीच्या निमित्ताने नव्हे.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. ऐंशी ओलांडलेल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, पण अण्णा शिस्तीने नोव्हेंबरातच देतात. आता तो घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मी त्यांना हॉलमध्ये बसवलं, फोन समोर धरला. अ‍ॅप काही चेहरा घेईना. पाठीमागे खिडकी, डोक्यावर ट्यूबलाइट, चेहरा अंधारात. तीनदा करून पाहिलं. अण्णा वैतागून म्हणाले, “बघ, यांना पण मी जिवंत आहे असं वाटत नाही.” आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

आमची ओसरी उत्तरेकडे उघडते. हिवाळ्यात तिथे दिवसभर ऊन येत नाही, पण समोरचं मोकळं आभाळ दिसतं. मी त्यांच्या मागोमाग गेले आणि दारातच थांबले. अण्णांच्या चेहऱ्यावर सगळीकडून सारखा, मऊ उजेड पडला होता. मांडीवर उघडलेल्या वर्तमानपत्राचा पांढरा कागद खालून आणखी उजेड परतवत होता, थेट टोपीच्या खाली, डोळ्यांत. डोळ्यांत आभाळाचा एक छोटा पांढरा ठिपका चमकत होता. इतक्या वर्षांत मला कधी दिसलं नव्हतं, की अण्णांच्या डोळ्यांचा रंग काळा नाही, मधासारखा आहे.

अ‍ॅपने पहिल्या झटक्यात चेहरा ओळखला. दाखला मिळाला. त्याच जागी, ते पुन्हा बातमीत बुडाल्यावर, मी त्यांचा फोटो काढला.

नंतर वाचनात आलं, की विजेचे दिवे येण्याआधीचे स्टुडिओवाले हेच करायचे. स्टुडिओच्या छताला किंवा भिंतीला उत्तरेकडे मोठी काच असायची. आपल्या गोलार्धात सूर्य बहुतेक काळ दक्षिणेच्या अंगाने फिरतो, म्हणून उत्तरेच्या काचेतून थेट ऊन न येता नुसता आभाळाचा उजेड येतो. फक्त मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य उत्तरेकडे कलून उगवतो आणि मावळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ आमच्या ओसरीवरही उन्हाची तिरीप येते. एवढं लक्षात ठेवलं, की घरची ओसरी हाच आपला स्टुडिओ.

तिथून आम्ही बाहेर पडलो. हिवाळाभर, दर रविवारी एक जागा. जागा मी निवडायची नाही, अण्णांनी सांगायची, असं ठरलं.

पहिली जागा त्यांनी सांगितली मांडवी. अण्णांचं लहानपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं. वडिलांचा हात धरून लहरीपुरा दरवाज्यातून मांडवीला जायचं, हा त्यांचा सणावारांचा रस्ता. लहरीपुऱ्यापासून पाणीगेटपर्यंतचा तो रस्ता पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. हिवाळ्यातल्या सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, त्यामुळे रस्त्याच्या दक्षिणेकडची ओळ सावलीत राहते आणि समोरच्या उत्तरेकडच्या ओळीवर ऊन पडतं. दुकानं उघडायच्या आधी, नऊच्या सुमारास, मी अण्णांना सावलीतल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं, तोंड उन्हातल्या भिंतींकडे. समोरच्या पिवळट भिंतींवरून परतलेला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आला. शहरातल्या भिंती अशा मोठ्या आरशासारख्या वापरता येतात. फक्त रंग बघायचा. हिरव्या किंवा भडक निळ्या भिंतीचा उजेड चेहऱ्यावर आला, तर माणूस आजारी दिसतो.

फोन हातात होता, पण मी बराच वेळ काढलाच नाही. अण्णा बोलत होते. कुठे काय होतं, कोणत्या दुकानातून गणपतीचं सामान यायचं. मधेच म्हणाले, “तुझी आजी लग्न होऊन आली, तेव्हा तिला गुजराती येत नव्हतं. इथे भाव करताना ती नुसती बोटं दाखवायची. दुकानदार तिला मुकी समजायचा.” आणि ते हसले. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तो हसतानाचा फोटो माझ्याकडे आहे. आजी त्या फोटोत नाही, पण मला ती त्यात दिसते. नंतर आम्ही शेव-उसळ खाल्ली. अण्णांनी डॉक्टरांना सांगू नकोस म्हणून बजावलं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा कमाटीबाग, या वेळी सकाळी आठला. वडाखाली बसवलं, तर नवी अडचण आली. पानांतून गळणारं ऊन गालावर, टोपीवर चट्ट्यांसारखं पडलं, आणि पांढऱ्या मिशांवर हिरवट झाक आली. उपाय सोपा निघाला. झाडाच्या बुंध्याशी न बसता, जिथे सावली संपते आणि मोकळी वाट सुरू होते, त्या कडेला बसायचं, सावलीच्या आतल्या बाजूला, तोंड मोकळ्या जागेकडे. डोक्यावर सावली, समोर आभाळ. पाठीमागचा बुंधा गडद असल्याने चेहरा आपोआप उठून दिसतो.

तिथे बाकावर बसून मी अण्णांना होमाई व्यारावाला यांच्याबद्दल विचारलं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नेहरूंचे, स्वातंत्र्याच्या काळातल्या दिल्लीचे त्यांनी काढलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, पुढे त्या बडोद्याला आल्या आणि २०१२ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. अण्णा म्हणाले, “पेपरात फोटो आला तेव्हा कळलं, की ही बाई आपल्या गावात आहे. तोवर शेजारून गेली असती, तरी म्हटलं असतं, कोणी पारशी आजी आहे.” जरा थांबून म्हणाले, “म्हातारं माणूस दिसतं कुणाला?”

मी फोन खाली ठेवला. या वाक्यावर फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

तिसरी जागा आमचीच अगाशी, उत्तरायणाला. १४ जानेवारीला बडोद्यात साधारण सव्वासहाला सूर्य मावळतो. साडेपाचला ऊन सोनेरी आणि जवळजवळ आडवं झालं होतं. पतंगांनी आभाळ भरलेलं. मी अण्णांना सूर्याकडे पाठ करून खुर्चीत बसवलं, म्हणजे डोळ्यांना त्रास नाही. पाठीमागून येणाऱ्या उन्हाने त्यांच्या कानांवरचे पांढरे केस उजळले. चेहरा सावलीत गेला असता, पण समोरचा चुन्याचा कठडा आणि अगाशीवरचं पांढरं चायना मोझेक, दोघांनी मिळून उजेड परत पाठवला. उन्हात तापू नये म्हणून घातलेल्या त्या फरशीचा हा उपयोग मला माहीत नव्हता. अण्णांनी फिरकी धरली होती, वर बघत होते. दोर कापली गेली, तसे ओरडले, “काप्यो छे!” घरात मराठीशिवाय बोलायचं नाही, हा नियम करणारे आमचे अण्णा.

या चार महिन्यांत जे हाताला लागलं, ते थोडक्यात सांगते. तुमच्या घरीही उपयोगी पडेल.

उन्हात उभं करू नका. सावलीत, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवा. बाजूने येणारं कडक ऊन एकेक सुरकुती खोदून दाखवतं, समोरून येणारा मऊ उजेड सुरकुत्या ठेवतो पण चेहरा थकलेला दाखवत नाही. फोनमधलं चेहरा गुळगुळीत करणारं सेटिंग मात्र बंदच ठेवा. आजोबांच्या सुरकुत्या पुसल्या, तर उरतं काय?

अगदी जवळ जाऊन फोटो काढू नका, नाक मोठं आणि कान लहान येतात. कॅमेरावाले यासाठी ८५ ते १०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स वापरतात. फोनवर दोन पावलं मागे या आणि २एक्स वापरा. लेन्स आधी रुमालाने पुसा. स्क्रीनवर डोळ्यावर बोट ठेवा, आणि पांढरा सदरा किंवा पांढरे केस फटक दिसत असतील तर उजेड थोडा कमी करा.

चष्मा काढायला लावू नका. चष्म्याशिवाय तो त्यांचा चेहराच नाही. काचेत चमक येत असेल, तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात आणि आभाळ त्यात दिसत नाही. टोपी असेल तर जराशी मागे. आणि टोपीखालच्या अंधारासाठी मांडीवर वर्तमानपत्र.

बसायला खुर्ची, प्यायला पाणी, औषधांची वेळ सांभाळून. अर्ध्या तासाच्या वर नाही. ‘हसा’ म्हणू नका. काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. हातांचाही एक फोटो घ्या. अण्णांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अजून टाकाचा घट्टा आहे, तो मी वेगळा काढून ठेवला आहे.

शेवटचं म्हणजे फोटो छापून घ्या. मागे पेन्सिलने तारीख, जागा आणि माणसाचं नाव लिहा. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. आमची ताईकडे गेली. आणि अल्बम खालच्या कप्प्यात ठेवू नका, हे बडोदेकरांना मी वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारीत सगळे फोटो अण्णांसमोर मांडले. त्यांनी एकेक उजेडात धरून पाहिला. मला मांडवीचा आवडला होता. त्यांनी ओसरीवरचा उचलला, वर्तमानपत्र वाचतानाचा, दाखला मिळाला त्या सकाळचा.

“हा लाव.”

“कुठे?”

“तिच्या शेजारी.”

मी गप्प झाले. ते म्हणाले, “अगं, आत्ता लाव. मला बघायचाय. हाराची घाई नाही.”

तसा तो लावला आहे. आजीच्या निळ्या आभाळाशेजारी अण्णा बातम्या वाचत बसलेले. येणारा प्रत्येक जण आधी फोटोकडे आणि मग खाली खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे बघतो, आणि अण्णांना त्यात फार मजा येते. भाच्याने त्याची प्रत आपल्या खोलीत लावली आहे. खाली त्याने स्वतःच्या हाताने, वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलंय, ‘खरे सीनियर’.

आणि अण्णांनी मला सांगून ठेवलंय, दाखला दर वर्षी द्यावा लागतो. नोव्हेंबरात, सकाळी, ओसरीवर.